जामखेडची रोमन बाई

नगर जिल्ह्यात बाहेरचे लोक येतात ते बहुधा शिर्डीला. मी गेले ती एका नाण्यासाठी, आणि ते नाणं होतं जामखेडच्या पुढच्या एका खेड्यात, एका बाईच्या गळ्यात. परत येऊन महिना झाला. जे झालं ते तोंडानं अजून नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून बघते.

मी नाण्यांची चित्रं काढते. फोटोत नाण्याची चमक येते, पण झिजलेली रेघ येत नाही. ती हातानंच काढावी लागते. हे मला सरांनी शिकवलं. चोविसाव्या वर्षी पुण्यात मी त्यांच्याकडे कामाला लागले आणि अकरा वर्षं त्यांच्या खोलीत खिडकीजवळ बसून, भिंगाखाली नाणी ठेवून चित्रं काढली. सर जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार. खेडोपाडी हिंडून लोकांच्या देव्हाऱ्यातली, गळ्यातली नाणी ते अभ्यासाला मागून आणायचे आणि काम झालं की परत नेऊन द्यायचे. लोकही विश्वासानं द्यायचे. पुढं लग्न होऊन मी देवरुखला आले, तरी दिवाळीला त्यांना पत्र चुकलं नाही. गेल्या वर्षी सर गेले. तेव्हा मी जुन्या चित्रांच्या वह्या काढल्या आणि ठरवलं, जी नाणी आपण नुसती भिंगाखाली पाहिली ती ज्या घरांत आहेत तिथं जाऊन एकदा बघायची. पहिल्या वहीतलं पहिलं नाव जामखेडकडचं.

ते नाणं मला डोळे मिटून काढता येईल. आपल्या रुपयाहून जरा लहान, चांदीचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला रोमचा बादशहा तिबेरियस, डोक्याला पानांची माळ, मान ताठ. त्याच्या गालावर छिन्नीचा एक घाव. आत चांदीच आहे ना, हे बघायला आपल्याकडच्या कुणीतरी घातलेला. दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसलेली एक बाई. एका हातात उंच दंड, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. फांदी म्हणजे शांती आणि दंड म्हणजे सत्ता, असं सरांनी समजावलं होतं. जाणकार म्हणतात, शांतिदेवतेच्या रूपात बादशहानं स्वतःच्या आईलाच तिथं बसवलंय. वरच्या काठाशी एक भोक, दोरा ओवायला पाडलेलं.

नगर

जानेवारीच्या एका शनिवारी सकाळी नगरला उतरले. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून 'नगर, नगर'. आमच्याकडे थंडी अशी नसतेच. स्टँडबाहेर कानटोपी घातलेल्या रिक्षावाल्यानं मला विचारलं, "मावशी, स्वेटर नाही आणला?" आणि लगेच स्वेटरच्या दुकानापाशीच नेऊन उभं केलं. घेतला.

दुपारी सराफ बाजारात शिरले. जुन्या नाण्यांची चौकशी करायची माझी सवय. एका छोट्या पेढीवर पांढऱ्या टोपीचे एक वयस्क सराफ बसले होते. मी वहीतलं तिबेरियसचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"असल्या तोंडाचं आलं होतं की. माझ्या वडिलांच्या वेळेला. तीनचार होती एका लमाण्याकडं."

मी पेढीवर पुढं झुकले. "मग? कुठं आहेत ती?"

"कुठं म्हणजे?" त्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या भट्टीकडे मान वळवली. "पैंजण झाले असतील कुणाचे तरी."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. बादशहा, त्याची आई, फांदी, सगळं त्या काळ्या मुशीत. माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला. "अहो बाई, आमच्याकडं येतं ते मोडीत. आम्ही चांदी बघतो, तोंड नाही बघत."

संध्याकाळी लॉजच्या खिडकीत बसून हुरडा खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीशी. कोवळी ज्वारी भाजून अशी चोळून खायची, हे आमच्या भातखाऊ मुलखाला माहीतच नाही. पण चव जिभेवर नीट उतरली नाही. सारखं वाटत होतं, बरं झालं, जामखेडचं नाणं सरांच्या नजरेला पडलं. ते तरी वाचलं.

जामखेडच्या पुढं

नगरहून जामखेडला जाताना रस्ता मधेच बीड जिल्ह्यात शिरतो आणि जामखेडला परत नगरमध्ये येतो. दोन्हीकडे ज्वारी, मधे मधे उघडे माळ, आणि कुठं डोळ्यांना थंडावा वाटावा असं झाड नाही. जामखेडला गाडी बदलली आणि मी शहाण्यासारखी एक फाटा आधीच उतरले. गाडी गेल्यावर कळलं. मैलभर चालले, मग कांद्याच्या एका टेम्पोनं पुढं घेतलं. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "चर्चच्या मागलं घर. चांदनी लावल्याली दिसंल." नाताळची कागदी चांदणी अजून छपरावर होती, उन्हानं फिकी झालेली.

घर मार्थाबाईंचं. वय माझ्याहून चारपाच वर्षांनी जास्त, बांधा काटक, डोक्यावर पदर. नवरा नाही. मुलगी स्टेला जामखेडच्या शाळेत शिकवते. ग्रामपंचायतीत फोन करकरून मी तिचाच नंबर मिळवला होता. रविवार होता. दोघी नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या.

"साहेब न्हाई आले?" मार्थाबाईंनी पहिला प्रश्न तोच केला.

"सर गेले. मागच्या वर्षी."

त्या ओट्यावर बसल्या. "आरं देवा. लई भला मानूस. सासूबाईंनी त्येंच्या हातात नानं दिलं तवा मी मनात म्हनले, गेलं आता, कशाचं परत येतंय. पन म्हयन्यात सोता घिऊन आले. धुऊन, चकचकीत करून."

सरांबद्दल असं ऐकून मला भरून आलं. स्टेलानं हुलग्याचे शेंगोळे ताटात वाढले. हातावर वळलेल्या त्या कड्या लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोघी मायलेकी हसल्या. आमच्या घरात पाहुण्याला तिखट सोसेल का म्हणून आधी विचारतात. इथं आधी वाढतात, मग बघतात.

जेवता जेवता मार्थाबाई नाण्याची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या आजेसासऱ्यांना दुष्काळी कामावर माती उकरताना ते सापडलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, लक्ष्मी हाय. सासूबाई म्हणायच्या, हातात फांदी हाय म्हणजे झावळ्यांच्या रविवारी येशूपुढं फांद्या हलवत निघालेल्यांतलीच बाई ही. पुढं चर्चच्या एका पाळकांनी सांगितलं की येशूच्या वेळेला बाजारात हेच नाणं चालायचं, त्यानं स्वतः असलं एक हातात घेऊन लोकांना दाखवलं होतं. "मंग काय," मार्थाबाई म्हणाल्या, "सासूबाई नानं गळ्यातनं उतरवंनात. न्हाताना बी."

मी ताट बाजूला केलं, हात धुतले, पुसले. मार्थाबाईंनी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

हाताला ते हलकं लागलं.

पहिल्यांदा मी स्वतःलाच समजावलं, तीस वर्षं झाली, हाताला काय आठवतंय. भिंग काढलं. बादशहाच्या गालावरचा घाव होता, पण त्याच्या कडा मऊ होत्या. छिन्नीनं चांदी फाटते, तिची धार राहते. इथं लोण्यावर बोट दाबावं तसा खोलगटपणा होता. अक्षरं बुजरी. काठावर कानशीचे बारीक ओरखडे.

"उलटं करा की," मार्थाबाई जवळ सरकल्या. "बाई बगा. आन तिच्या हातातल्या फांदीला बगा. फळ लागलंय."

मी उलटं केलं. फांदीच्या टोकाशी मोहरीएवढा एक गोल मणी होता.

"आधी मळ हुता, म्हनून दिसत न्हवतं," त्या सांगत होत्या. "साहेबांनी धुतलं आन दिसाया लागलं. सासूबाईंनी त्याच दिशी दोरा माज्या गळ्यात घातला. लगीन हून नऊ वरसं झालती बाई, लेकरू न्हवतं. लोक काय काय बोलायचे. आन फुडच्या नाताळाला ही पाळन्यात." त्यांनी स्टेलाच्या पाठीवरून हात फिरवला.

तो मणी माझ्या ओळखीचा होता.

तीस वर्षांपूर्वी त्या नाण्याचं चित्र पुरं झाल्यावर सर म्हणाले होते, याचा साचाही करून ठेव, अभ्यासाला राहील. मी प्लॅस्टर कालवलं, दोन्ही बाजूंचा साचा घेतला. उघडून बघते तो फांदीच्या टोकाशी बारीक खळगा. प्लॅस्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की असं होतं. त्या साच्यातून जे काही ओतावं, त्यावर खळग्याच्या जागी मणी उठतो. मी म्हणाले, सर, दुसरा करते. ते म्हणाले, राहू दे, काही बिघडत नाही. तो साचा पुन्हा माझ्या दृष्टीस पडला नव्हता. मी कधी विचारलंही नव्हतं.

आता त्या साच्यातून निघालेलं नाणं माझ्या तळहातावर होतं. कुणीतरी ओतलेलं, घासलेलं, भोक पाडलेलं. कुणीतरी कसला? सरांनी. स्वतः येऊन, या ओट्यावर बसून, म्हातारीच्या हातात ठेवलेलं.

"मॅडम, तुम्ही चित्र आणलंय ना?" स्टेलानं विचारलं. मी यंत्रासारखी वही काढून दिली. तिनं पान उघडलं, माझ्या हातातल्या नाण्याशी ताडून पाहिलं. शिक्षिकेची नजर. "मॅडम, यात फळ नाहीये."

"राह्यलं आसंल काडायचं," मार्थाबाई म्हणाल्या. "बारीक हाय किती."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. हो, राहिलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी उठून गाडी पकडली असती आणि त्या घरात सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते, हे इथं लिहून ठेवते.

"राहिलं नाही," मी म्हणाले. "तेव्हा फळ नव्हतंच. मार्थाबाई, हे तुमचं नाणं नाही."

मग मी सगळं सांगितलं. साचा, बुडबुडा, मणी. माझं सांगून झालं तरी मार्थाबाई माझ्या तोंडाकडेच बघत होत्या, जणू मी अजून काहीतरी सांगायची आहे.

"मंग माजी स्टेला कशानं झाली?" त्यांनी विचारलं.

रागावून नव्हतं विचारलं. त्यांना खरोखर ते माझ्याकडून हवं होतं. स्टेलाच म्हणाली, "आई, नगरच्या दवाखान्यात इलाज केला होता ना तुम्ही दोघांनी. पपा सांगायचे की."

"त्यो आधी बी केलता," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांनी नाणं माझ्या हातून घेतलं, गळ्यात घातलं, पदराखाली सारलं आणि मागच्या दारानं निघून गेल्या. मी तासभर थांबले. त्या आल्या नाहीत.

स्टेलानं मला स्कूटीवरून जामखेड स्टँडला सोडलं. मी गाडीत चढताना ती म्हणाली, "मॅडम, खरं कुठंय ते शोधा. रडायचं मग बघू." तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

मधेच पुण्याला

देवरुखची गाडी न धरता मी पुण्याला गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दार उघडलं. मी त्यांना म्हटलं, सरांचं कपाट बघायचंय. का, असं त्यांनी विचारलं नाही. किल्ली आणून दिली.

सरांची शिस्त मला पाठ होती. प्रत्येक नाण्याचं वेगळं कागदी पाकीट, वर गावाचं नाव, खाली शेरा. जामखेडचं पाकीट तिसऱ्या खणात मिळालं. वर सरांचं देखणं अक्षर. खाली लाल शाईत शेरा, 'परत केले'. आणि पाकीट जड होतं.

आत नाणं होतं. गालावर धारदार घाव. फांदी सरळ, मोकळी.

मी कपाटापाशी जमिनीवरच बसले. लबाडी करणारा माणूस निदान स्वतःच्या कपाटात तरी खरं लिहील, असं मला वाटत होतं. शेजारी आणखी अशीच पाकिटं होती. मी हात लावून पाहिली. काही रिकामी होती. काही नव्हती. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं, त्याच्या खोलीत अकरा वर्षं बसून मी काय बघत होते?

काकू दारात उभ्या होत्या. "काय न्यायचं ते ने," त्या म्हणाल्या. "मला काही सांगू नकोस." त्या पाठ फिरवून गेल्या आणि आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यांना आधीपासून किती माहीत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

जामखेडचं धरून जड पाकिटं सात होती. सातही मी पिशवीत घातली.

पुन्हा त्याच गावात

फेब्रुवारीत, स्टेलाला कळवून गेले. फाटा या वेळी चुकला नाही. ज्वारी काढणीला आली होती, रानोरानी बाया ताटं उपटत होत्या.

मार्थाबाई ओट्यावर होत्या. 'या' म्हणाल्या नाहीत, पण सतरंजी पुढं सरकवली. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नाणं काढलं, दोन्ही बाजूंनी निरखलं, बादशहाच्या गालावरच्या घावावरून अंगठा फिरवला.

"हितं बोट कापायचं सासूबाईंचं," त्या हळूच म्हणाल्या. "मी इसरलेच हुते."

मग उलटं केलं. बसलेल्या बाईच्या हातातल्या फांदीवर नख फिरवलं. "हिच्या फांदीला कायबी न्हाई," एवढंच बोलल्या आणि नाणं स्टेलाच्या हातात ठेवलं. "तू घाल. तुज्या आजीचं हाय."

"आणि तुझ्या गळ्यातलं?" स्टेलानं विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे. तीस वरसं ऱ्हायलंय."

मला वाटलं, झालं. माझ्याकडून व्हायचं ते झालं. मी हात जोडून माफी मागायला लागले, तशा मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

"माजी नका मागू. नानं माजं हुतं व्हय? चला."

"कुठं?"

"सासूबाईंकडं."

गावाबाहेर, ज्वारीच्या रानाला लागून ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे. दगडी गडगा, आत बाभळी, बाभळींखाली सिमेंटचे क्रूस. एका क्रुसापाशी मार्थाबाई थांबल्या. त्यांनी पडलेला पाला हातानं बाजूला केला. "मरताना माज्या गळ्यातलं मागून घेतलं आन हातात त्येच घट्ट धरलं हुतं तिनं. फळवालं. मूठ सोडवाया दोघी लागलो." मग माझ्याकडे वळल्या. "मला सांगितलंसा तसं तिला सांगा."

मी स्टेलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. सुटका नव्हती. मी पदर खांद्यावर घेतला आणि क्रुसाकडे बघून पुटपुटले, आजी, माझं नाव सुनंदा, मी सरांकडे चित्रं काढायची.

"मोठ्यानं," मार्थाबाई म्हणाल्या. "तिला कमी ऐकू यायचं."

एखाद्या मेलेल्या माणसाशी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बोलताना आपला आवाज आपल्याच कानांवर येऊन आदळतो. मी घसा खाकरला आणि मोठ्यानं सांगायला लागले. साचा मी केला. बुडबुडा माझ्या हातून राहिला. तो साचा कुठं गेला, हे मी तीस वर्षं विचारलं नाही. तुमच्या हातात जे होतं ते खोटं होतं. खरं आज आणून दिलंय.

गडग्यापलीकडे ज्वारी उपटणाऱ्या बाया एकेक करून उभ्या राहिल्या. हातात ताटं तशीच. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"नाव पुन्यांदा सांगा," मार्थाबाई म्हणाल्या. "सुरवातीला हळू बोललासा."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट.